सरबतासारखं दिसणारं काहीतरी

परवा नातू काचेच्या कपाटासमोर उभा होता. वरच्या खणातल्या बाटलीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “आजोबा, हे खोकल्याचं औषध आहे?”

त्याची काही चूक नव्हती. चेरी ब्रँडीचा रंग अगदी तसाच असतो, काळपट लाल. वासही थोडा तसाच, गोड आणि मागे कडवट बदामाची छटा असलेला. मी “नाही, मोठ्या माणसांचं आहे” एवढंच म्हणालो आणि त्याला गॅलरीत घेऊन गेलो. पण त्या प्रश्नाने मला जवळजवळ तीस वर्षं मागे नेलं. दिसायला एक आणि आत भलतंच, हा या बाटलीचा जुनाच स्वभाव आहे, आणि त्याची किंमत आमच्या घराने एकदा मोजलेली आहे.

नावापासूनच सुरुवात करतो. वीस-एकवीस वर्षं बँकेत काढली. २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन कादंबऱ्या लिहीत बसलो, तरी चुकीच्या खात्यात पडलेली नोंद दिसली की अजून हात शिवशिवतात. चेरी ब्रँडी ही अशीच चुकीच्या खात्यातली नोंद आहे. ब्रँडी म्हणजे द्राक्षाच्या वाइनपासून गाळलेलं मद्य. चेरी ब्रँडी त्या घराण्यातली नव्हे. चेरीची फळं मद्यात भिजवायची, मुरवायची आणि त्यात भरपूर साखर घालायची, की हे लिक्युअर तयार होतं. यातलं सगळ्यात नावाजलेलं घराणं डेन्मार्कचं, हीरिंग. पीटर हीरिंगने १८१८ साली कोपनहेगनमध्ये दुकान थाटलं. तो ज्या वाण्याकडे उमेदवारी करत होता त्याच्या बायकोने त्याला ही कृती दिली, असं सांगतात. म्हणजे मूळ माजघरातलंच! आपल्याकडेही मसाल्यांचे आणि लोणच्यांचे मोठमोठे धंदे कुणाच्या तरी आजीच्या हातापासूनच सुरू झालेले असतात. डेन्मार्कच्या आंबट चेरी मद्यात घालून लाकडी पिंपात काही वर्षं मुरवतात. मद्याचं प्रमाण शेकडा २४, म्हणजे व्हिस्कीच्या निम्म्याहून थोडं जास्त.

याची गल्लत किर्शशी करू नये. किर्श हे चेरी आंबवून गाळलेलं, पाण्यासारखं पारदर्शक आणि बिनसाखरेचं मद्य. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातलं. आपण वाढदिवसाला जो ब्लॅक फॉरेस्ट केक आणतो, त्यात मुळात हे किर्श असतं. आपल्या बेकरीवाल्यांनी ते केव्हाच वगळलं आणि वरची चेरी तेवढी ठेवली. एका अर्थी बरंच केलं.

आता कुणी म्हणेल, रविवारी सकाळी चहाच्या वेळी हा काय विषय काढलात? काढलाय खरा. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं, एवढंच. घरात बसून घोटभर घ्यायची तरी परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचविशी उलटलेली असावी लागते. तो परवाना आरोग्याचं रक्षण आणि संवर्धन यासाठी दिला जातो, अशा अर्थाचा मजकूर असतो. तो वाचून मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो होतो. आजन्म परवाना काढून ठेवलाय. कागदपत्रं पुरी असली की मला शांत झोप लागते.

चेरी ब्रँडी माझ्या आयुष्यात आली ती सिंगापूरमध्ये. १९९३ ते १९९६ अशी तीन वर्षं बँकेने मला तिथल्या शाखेत पाठवलं होतं. कऱ्हाडात वाढलेला मी. घरात वडील शिक्षक आणि पक्के दारूबंदीवाले. त्यामुळे तोवर माझी मजल ऑफिसच्या पार्टीतल्या एखाद्या बिअरपलीकडे गेलेली नव्हती. सिंगापूरला पाहुणे यायचे, आणि आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, “ते रॅफल्स हॉटेल दाखव.” १८८७ सालचं हे हॉटेल दुरुस्तीसाठी बंद होतं, ते १९९१ साली पुन्हा उघडलेलं. तिथल्या लाँग बारमध्ये भुईमुगाच्या शेंगा ठेवलेल्या असतात आणि टरफलं खुशाल जमिनीवर टाकायची असतात. ज्या शहरात रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तरी दंड होतो, तिथे! आमची ही पहिल्या खेपेला टरफलं रुमालात गोळा करून बसली होती.

तिथलं प्रसिद्ध पेय म्हणजे सिंगापूर स्लिंग. हॉटेलवाले सांगतात की १९१५च्या सुमारास तिथल्या न्गियाम तोंग बून नावाच्या हाइनानी बारटेंडरने ते बनवलं. त्या काळी बायकांनी चारचौघांत मद्य घेणं शोभत नसे. म्हणून त्याने फळांच्या रसासारखं दिसणारं गुलाबी पेय तयार केलं. बाईच्या हातात सरबत आहे असं जगाला वाटावं, आणि आत जिन. गोष्ट फार गोड आहे. माझ्यातल्या बँकवाल्याने मात्र कागद तपासले. १९२२ साली रॉबर्ट व्हर्मेयरच्या पुस्तकात ‘स्ट्रेट्स स्लिंग’ सापडतं. १९३० साली हॅरी क्रॅडॉकच्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये ‘सिंगापूर स्लिंग’ आहे, ते फक्त जिन, चेरी ब्रँडी, लिंबू आणि सोडा यांचं. अननसाचा पत्ता दोन्हीकडे नाही. तेव्हा आज फेसाळ अननसाच्या रसात जे मिळतं ते मूळ कितपत, याबद्दल जाणकारांत वाद आहेत. पण चेरी ब्रँडी सगळीकडे आहे. रंग तिचाच.

हल्लीची सर्वमान्य कृती अशी: जिन ३० मिलिलिटर, चेरी ब्रँडी १५, क्वान्त्रो साडेसात, बेनेडिक्टिन साडेसात, अननसाचा रस १२०, लिंबाचा रस १५, डाळिंबाचं ग्रेनेडिन सरबत १० आणि अँगोस्तुरा बिटर्सचा एक शिंतोडा. सगळं बर्फाबरोबर घुसळून उंच ग्लासात गाळायचं. वाचकहो, जरा हिशेब करा. आपल्याकडच्या जिनमध्ये मद्य शेकडा ४२.८ असतं. म्हणजे तिचे झाले पावणेतेरा मिलिलिटर. चेरी ब्रँडीचे साडेतीन. उरलेल्या दोन बाटल्यांचे मिळून सहा. एकूण झालं साडेबावीस मिलिलिटर निव्वळ मद्य. व्हिस्कीच्या भाषेत बोलायचं तर पन्नास मिलिलिटरच्या वर, मोठ्या पेगला थोडंसंच कमी. आणि जिभेला कळतो तो अननस! हा हिशेब मी आज मांडतोय. तेव्हा मांडला नव्हता. त्याबद्दल पुढे सांगतो.

घरी ही कृती जशीच्या तशी करायला जाऊ नका. सात-आठ बाटल्या घ्यायच्या आणि त्यातल्या चार वर्षानुवर्षं धूळ खात ठेवायच्या, असला तोट्याचा व्यवहार मी कुणालाही सुचवणार नाही. क्रॅडॉकची पद्धत आपल्याला परवडते. मी घेतो ते माप असं: जिन ३०, चेरी ब्रँडी १५, लिंबाचा रस १५, आणि वर गार सोडा. साखर मुळीच घालायची नाही, ती ब्रँडीत आहेच. मापाला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण उत्तम. पाच, दहा, पंधराच्या रेघा असतात. (नातवाला हे कळता कामा नये.) घुसळायला शेकर हवाच असं नाही, घट्ट झाकणाचा स्टीलचा उभा डबा किंवा रुंद तोंडाची काचेची बरणी चालते. बर्फ भरपूर घ्यायचा, बारा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं आणि चहाच्या गाळणीने गाळायचं. बर्फात कंजूषी केली की तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. लोकांना नेमकं उलट वाटतं. सोडा मात्र कधीही डब्यात घालायचा नाही. मी एकदा घातला होता. झाकण पंख्यापर्यंत गेलं आणि स्वयंपाकघराच्या छतावर गुलाबी डाग पडला, तो पुढच्या रंगकामापर्यंत राहिला. पाहुण्यांना ही तो डाग माझी कलाकृती म्हणून दाखवायची.

दुसरं एक पेय मला कादंबरीकार म्हणून आवडतं, ‘ब्लड अँड सँड’. ब्लास्को इबान्येझ या स्पॅनिश लेखकाची १९०८ सालची कादंबरी. तिच्यावर १९२२ साली मूकपट निघाला, त्यात रुडॉल्फ व्हॅलेंटिनो बैलांशी झुंजणारा नायक झाला होता. त्या चित्रपटावरून पेयाला नाव पडलं. स्कॉच, गोड व्हर्मूथ, चेरी ब्रँडी आणि संत्र्याचा ताजा रस, चारही समभाग, प्रत्येकी वीस-बावीस मिलिलिटर. रक्त चेरीचं, वाळू संत्र्याची. आमच्या नागपुरी संत्र्याला गोडी जास्त आणि आंबटपणा कमी, त्यामुळे लिंबाचे चार-पाच थेंब टाकावे लागतात. हे पेय कुणाला आवडतं, कुणाला अजिबात नाही. आमच्या एका साहित्यिक मित्राने एक घोट घेऊन विचारलं होतं, “कादंबरीसुद्धा अशीच आहे का रे?”

चेरी ब्रँडीची परदेशी बाटली महाग पडते. इंग्लंडमधल्या घरांतून पूर्वी लोक स्वतःच ती मुरवत, आणि आपल्यालाही ते जमतं. मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलची चेरी छोट्या खोक्यांतून आपल्या बाजारात येते. अर्धा किलो चेरी धुऊन, पुसून, फडक्यावर पसरून अगदी कोरडी करायची. या कामात आमच्या हिचा शब्द शेवटचा. जिला लोणच्याची बरणी कळते तिला हे वेगळं शिकवावं लागत नाही. देठ काढायचे, प्रत्येक फळाला सुईने चार-पाच टोचे मारायचे आणि ती काचेच्या बरणीत भरायची. वर दीडशे ग्रॅम खडीसाखर आणि बुडेल इतकी साधी देशी ब्रँडी. बिया काढायच्या नाहीत, बदामाचा वास त्यांच्यामुळेच येतो. पण बिया फोडायच्याही नाहीत, आतला गर विषारी असतो. बरणी अंधाऱ्या कपाटात दोन महिने ठेवायची आणि आठवड्यातून एकदा हलवायची. आपली चेरी गोड जातीची, डेन्मार्कची आंबट. त्यामुळे आपल्या बरणीत ती खोली येत नाही. तरी गौरी-गणपती उरकले की सप्टेंबरात बरणी उघडली जाते, आणि त्या दिवशी बरं वाटतं.

आता त्या संध्याकाळबद्दल.

डिसेंबर १९९६. सिंगापूरहून परतून काही महिने झाले होते. ठाण्याचा फ्लॅट नवा होता आणि आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. कऱ्हाडहून ताई आणि दाजी आले होते. शिवाय हिच्या माहेरची माणसं आणि शेजारचं एक जोडपं, अशी चौदा-पंधरा जणं. मी चांगी विमानतळावरून आणलेली चेरी ब्रँडीची बाटली बाहेर काढली. डब्यातला अननसाचा रस, लिंबू, जिन. मोठ्या काचेच्या जगात सगळं ढवळलं आणि वर अननसाच्या फोडी सोडल्या. जग इतका देखणा दिसत होता की मला माझीच गंमत वाटली. हिची मामी सोवळ्यातली. तिला पन्हं दिलं, पण बाकीच्यांना ट्रे फिरवताना मी म्हणालो, “सिंगापूरचं सरबत आहे. घ्या, घ्या.” ज्यांना कळायचं त्यांना कळलं, डोळे मिचकावले गेले. रॅफल्समधली ती बायकांच्या ग्लासाची गोष्ट माझ्या डोक्यात होती. ती मी नंतर सगळ्यांना सांगून हशा पिकवणार होतो.

दाजी खिडकीजवळ बसले होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, उंचेपुरे, कमी बोलणारे. ते घेतात हे मला माहीत होतं. किती घेतात ते माहीत नव्हतं. आणि मी सिंगापूरला असताना ते पुण्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आले होते, त्यानंतर अकरा महिने त्यांनी थेंबाला शिवलेलं नाही, हे तर मुळीच माहीत नव्हतं. ताईने पत्रात लिहिलं होतं, “यांच्या लिव्हरचे जरा उपचार चालू आहेत.” आमच्याकडे अशा गोष्टी लिव्हरच्या नावावरच लिहिल्या जातात.

दाजींनी ग्लास घेतला. एक घोट घेऊन ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा हसलो, आणि ते हसणं मला अजून आठवतं. मग त्यांनी ग्लास सावकाश संपवला. थोड्या वेळाने स्वतः उठून जगातून दुसरा भरून घेतला. ताई आत पुऱ्या लाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने दोघं निघाली. गाडी साताऱ्याला थांबली तेव्हा “चहा घेऊन येतो” म्हणून दाजी उतरले, ते परत आलेच नाहीत. कंडक्टरने दोनदा हाका मारल्या. गाडी सुटली आणि ताई एकटी कऱ्हाडला पोचली. तिने तीन दिवस कुणाला कळवलं नाही. चौथ्या दिवशी आमच्याकडे फोन आला. ती रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, “त्या सरबतात काय होतं रे?”

मी सांगितलं.

“मला म्हणाले, वास येतोय तो अननसाचा आहे. मी विश्वास ठेवला,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

साताऱ्यातल्या एका लॉजवर दाजी सापडले. ती अवस्था मी लिहीत नाही. त्यांना घेऊन पुन्हा येरवड्याला जावं लागलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र. त्याच्याबद्दल मराठी वाचकाला मी वेगळं काय सांगणार? तिथे घरच्या माणसांनाही बोलावतात. मी गेलो. मला वाटलं होतं, कुणीतरी मला खडे बोल सुनावेल. तसं कुणीच काही बोललं नाही. तिथे कळलं ते इतकंच, की सुटलेल्या माणसाला एक घोटही चालत नाही, आणि घसरणं हा या आजाराचाच एक भाग असतो.

तरीही मी स्वतःची बाजू मांडून पाहिली होती, मनातल्या मनात, बरेच महिने. ताईने लपवलं नसतं तर? दाजींनी नाही म्हटलं असतं तर? बँकेत अफरातफरीच्या चौकश्या मी केल्या आहेत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीकडे बोट दाखवतो. शेवटी व्हाउचरवर पहिली सही कुणाची, एवढंच बघायचं असतं. ट्रे माझ्या हातात होता.

दीड-दोन वर्षांनी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर दाजींबरोबर बसलो होतो. दोन्ही नद्यांना पाणी कमी होतं. मी धीर करून विचारलं, “दाजी, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?”

“पहिल्याच घोटात,” ते म्हणाले. “प्यालो ते मीच प्यालो. ते तुझ्यावर नाही. पण तू सरबत म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं, चला, कुणाला सांगायला नको. सरबतच प्यालो म्हणता येईल.”

त्यानंतर ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मीही.

दाजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. साताऱ्याच्या त्या लॉजनंतर त्यांनी मद्याला हात लावलेला नाही. मी मात्र सोडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. महिन्यातून एक-दोन वेळा आमच्याकडे डबा खुळखुळतो. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी या गोड बाटलीवर मर्यादा घातली आहे, ती मी बहुतेक वेळा पाळतो. पण ‘सरबत’ हा शब्द मद्याच्या ट्रेबरोबर आमच्या घरात उच्चारला जात नाही. ग्लास देताना मी आत काय आहे आणि किती आहे ते सांगतो, पाहुणा कंटाळला तरी. आणि नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारत नाही. हा आपल्याकडचा एक वाईट आग्रह आहे. जिलबीचा आग्रह वेगळा आणि हा वेगळा.

ताई-दाजी येतात तेव्हा बाटली बाहेर निघत नाही. दाजींनी स्वतः सांगितलं, “काढ की, मला काही होत नाही,” तरी नाही. त्या दिवशी मी कोकमाचा आगळ घेतो. वेंगुर्ल्याहून येतो, बिनसाखरेचा. दोन चमचे आगळ, शंभर मिलिलिटर अननसाचा रस, अर्धं लिंबू, चिमूटभर भाजलेलं जिरं, आल्याच्या रसाचे थेंब. बर्फाबरोबर डब्यात घुसळायचं, गाळायचं आणि वर सोडा. आगळात मीठ असतं, म्हणून वेगळं घालायचं नाही. बिटर्सचा शिंतोडाही नाही, कारण त्या चिमुकल्या बाटलीत मद्य शेकडा पंचेचाळीसच्या आसपास असतं, आणि बिनमद्याच्या म्हणवणाऱ्या पेयांत ते बिनदिक्कत टाकलं जातं. हे फारसं कुणाला ठाऊक नाही. रंग मात्र हुबेहूब चेरी ब्रँडीचा येतो. चवीलाही ते कमी नाही, खरं तर मला जास्तच आवडतं.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी दाजींसाठी मुद्दाम स्टीलचा पेला काढला होता. त्यांनी तो बाजूला सारला. “सगळ्यांना काचेचे ना? मग मलाही काचेचाच दे,” ते म्हणाले. मी भरून दिला. त्यांनी तो उजेडात धरून रंग पाहिला आणि माझ्यासमोर धरला.

“आधी तू एक घोट घे.”

मी घेतला. आजही ते आले की मी भरलेल्या ग्लासातला पहिला घोट घेतो, आणि मग ग्लास त्यांच्या हातात देतो.